ताडासनाचा अकरावा दिवस

सीलवाल्याचा उजवा हात सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वर गेला आणि वरच राहिला.

पलंग आणि कपाट यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत जुनी चादर अंथरून तो ताडासनात, चवड्यांवर उभा होता. दोन्ही हात छताकडे ताणलेले. मोबाइलमधली बाई मधाळ आवाजात सांगत होती, "सगळी भीती श्वासाबरोबर बाहेर सोडा." तो सोडतच होता, तेवढ्यात तोच मोबाइल वाजला. पडद्यावर 'साहेब' दिसलं, तो दचकला आणि खांद्यात कट्‌कन काहीतरी झालं. डावा हात खाली आला. उजवा आला नाही.

"सहाशे मीटर बाराच्या आत गाडीत चढले पाहिजेत," फोनवर साहेब म्हणाले. "सील करणारा तू एकटा. आज दांडी मारलीस तर उद्या यायचे कष्ट घेऊ नकोस."

"हो साहेब."

"नुसतं हो हो नको."

"नाही साहेब."

पाण्याचे मीटर दुरुस्त करण्याच्या कारखान्यात तो बावीस वर्षं होता. तपासून आलेल्या मीटरमध्ये तार ओवायची, शिशाचा मणी चढवायचा, पकडीने दाबायचा. दाबला की शिशात त्याचा नंबर उमटे. सतरा. पूर्वी प्रत्येक मीटर दहा मिनिटं तपासत. नव्या साहेबांनी दोन मिनिटं केली आणि त्याला कामाचा वेग असं नाव दिलं. मीटर चुकला तर लोक शिसं बघणार, शिशात सतरा सापडणार. साहेबांचा नंबर कुठेच उमटत नाही. साहेब लोक शिशात सापडत नाहीत, म्हणून तर ते साहेब.

चार महिने झाले, पकड दाबली की त्याची छाती धडधडायची. बोललो तर नोकरी आज जाणार, नाही बोललो तर तक्रार येईल त्या दिवशी जाणार. डॉक्टरांनी छाती ऐकली आणि म्हणाले, ताण आहे, योगासनं करा, अंग मोकळं होईल. त्याला दहा दिवस झाले होते. ज्याने ताण दिला त्याला कोणी आसनं करायला सांगत नाही. ज्याला दिला त्यानेच चवड्यांवर उभं राहायचं.

"अहो, पुरे झालं. हात खाली घ्या, चहा निवतोय," बायको म्हणाली.

"येत नाहीये गं."

तिने दंड धरून ओढलं. तो असा किंचाळला की शेजारचा नळ बंद झाला. दारात आई उभी होती. "शाळेत कधी वर केला नाहीस," ती म्हणाली, "आता बरा सुचला."

"आधी डॉक्टरकडे जा," बायकोने शर्टाची एक बाही त्या हातावरून खाली सोडत सांगितलं.

"दवाखाना दहाला उघडतो. साहेब आठला उघडतात."

रस्त्यावर त्याने दोन रिक्षा आणि एक भलतीच बस थांबवली. "हात करतोस आणि चढत नाहीस? घरी करमत नाही का रे?" बसवाला ओरडला. चौथं वाहन त्याच्या नशिबाने त्याच्याच मार्गाचं निघालं. आत एवढीच सोय झाली की दांडी धरायला हात आधीच वर होता. कारखान्याच्या फाटकावर वॉचमनला वाटलं, हा आपल्यालाच हात करतोय. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानेही हात हलवला. सीलवाला घाबरून जवळजवळ पळालाच.

खरी भीती आत होती. तपासणीच्या हॉलमध्ये पंपाचा आवाज एवढा की बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून तिथे हातांची भाषा. भिंतीवर पाटी होती: हात वर, पंप बंद. हात खाली, पंप चालू. त्याखाली साहेबांनी लाल रंगात तिसरी ओळ लिहून घेतली होती: विनाकारण हात वर करणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल. ती ओळ आल्यापासून त्या हॉलमध्ये कोणी डोकं खाजवायलासुद्धा हात वर केला नव्हता.

त्याने बेत केला. भिंतीकडून, रॅकच्या मागून, गुडघे वाकवून आपल्या टेबलापर्यंत जायचं. टेबल खांबाआड होतं. तिथे बसून डाव्या हाताने सीलं दाबायची, बाराला गाडी गेली की दवाखाना. बेत चांगला होता. फक्त रॅक साडेपाच फुटांचे होते, आणि त्यांच्यावरून एक हात, पाच बोटं फाकलेली, संथपणे हॉलभर चालत निघाला.

पंपवाल्या बाईंनी तो पाहिला. चार महिन्यांनी वर आलेला हात पाहिला म्हणून एकदा डोळे चोळले. मग खटका ओढला.

पंप थांबला. एवढी शांतता त्या हॉलला माहीतच नव्हती. साहेबांच्या केबिनचं दार उघडलं.

"कोणी केला हात वर?" साहेबांनी विचारलं. हॉलमध्ये एकच हात वर होता.

"साहेब, मी... म्हणजे तो..."

"खाली घे."

"घेता येत नाहीये, साहेब."

"असं?" साहेबांचा आवाज एकदम हळू झाला. ओरडणाऱ्या साहेबांना तो सरावला होता. हळू साहेब त्याने कधी ऐकले नव्हते. "म्हणजे आता तू मला अडवणार. ठीक आहे. कारण सांग. फॉल्ट कुठे आहे?"

योगासन म्हणावं तर ते विनाकारण. पाटीची तिसरी ओळ. घरभाडं, आईची औषधं, सगळं त्या लाल रंगात बुडालेलं त्याला दिसलं. त्याने डोळे मिटले आणि हनुवटीने बाकावरच्या मीटरांकडे, कुठेतरी, इशारा केला.

"तो... चौथा."

"लावा रे चौथा. दोन मिनिटं!"

"पंप कसा लावू, साहेब?" बाई म्हणाल्या. "हात वर आहे."

"अहो बाई, तपासायला पाणी नको का?"

"पाटी तुम्हीच रंगवून घेतलीत. हात वर म्हणजे पंप बंद. मी सुरू केला आणि उद्या मलाच कमी केलंत तर?"

साहेब काही बोलायच्या आत म्हातारे फिटर काका बाकावर वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "गप बसा जरा," ते म्हणाले. "ऐका."

टिक. टिक. टिक.

पंप बंद होता, पाणी थांबलेलं होतं, आणि चौथ्या मीटरची लाल चकती मजेत फिरत होती.

"नळात हवा सरकतेय, ती मोजतोय हा," काका म्हणाले. "बंद पाण्यावर मीटर बघायची चाचणी होती की आपली. दहाची दोन मिनिटं झाली तेव्हा तीच गेली." ते पुढे सरकले. "हा सातवाही. हा नववा. अरे, हा तर पळतोय."

बाकावर वीस मीटर होते. अकरा फिरत होते. मागे रॅकवर पाचशे ऐंशी उभे होते आणि त्यातल्या निम्म्यांना काल संध्याकाळी सीलवाल्यानेच शिसं लावलं होतं. सतरा, सतरा, सतरा. त्याला घाम फुटला. काखेतून निघून तो बरगड्यांवरून खाली ओघळला, आणि पुसायचीही सोय नव्हती.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. रंग त्यांचाही उतरला होता, पण ते साहेब होते, त्यांनी तो लगेच चढवला. "हे अकरा बाजूला काढा. बाकीचे जातील."

"बाकीचे बघायला नकोत?" काकांनी विचारलं.

"गाडी उभी आहे बाहेर. आणि तू हात खाली घे रे! झालं ना तुझं?"

"साहेब, खरंच अडकलाय. सकाळी आसन करताना..."

काका मागून आले. त्यांनी आयुष्यभर गंजलेले नट सोडवले होते. एक अंगठा खांद्याच्या खोबणीत, दुसरा हात कोपरावर. "श्वास सोड लेका," ते म्हणाले. त्याने सोडला. कट्‌कन आवाज झाला आणि तो हात ओल्या टॉवेलसारखा खाली लोंबला.



साहेबांना सगळ्यात आधी सुचलं. ते हसले. "आसन! अरे वा. आसनापायी माझा पंप बंद. तुझं नंतर बघतो." मग ते बाईंकडे वळले. "हात खाली आला ना? पाटी वाचा. पंप चालू. दोन-दोन मिनिटं, आणि भरा गाडी."

बाईंनी खटक्यावर हात ठेवला, पण ओढला नाही. त्या सीलवाल्याकडे बघत राहिल्या. काकाही बघत राहिले. "काय भाऊ?" बाईंनी हळूच विचारलं. "लावू का?"

छाती इतकी धडधडत होती की ती मीटरांबरोबर टिकटिकतेय असं त्याला वाटलं. लावा म्हटलं तर साहेब कदाचित विसरतील. पाया पडलं तर नक्कीच विसरतील. त्याने खाली बघितलं. चप्पल उलटी घालून आला होता, सकाळपासून कोणी सांगितलंही नव्हतं. मोबाइलमधल्या बाईने सांगितलेला श्वास त्याने घेऊन पाहिला. भीती काही बाहेर गेली नाही. आहे तिथेच राहिली.

तशीच ती आत ठेवून त्याने डावा हात वर केला.

"आता हा कशाने अडकला?" साहेब किंचाळले.

"अडकला नाही, साहेब," सीलवाला म्हणाला. "हा मी केलाय."