‘व’ची शेपटी

एका जंगलात एक किल्ला होता. किल्ल्यातही जंगलच माजलं होतं, पण ते जाऊ दे, नाहीतर गोष्ट सुरूच व्हायची नाही. नीट बसा मुलांनो. जांभई आली तर तोंडावर हात ठेवा.

किल्ल्याचा दरवाजा फार अरुंद होता. एखादा गवा अंग चोरून कसाबसा आत जाईल एवढाच. दरवाज्याशेजारी एक दगड होता आणि त्यावर दोनच शब्द कोरले होते : ‘इथे अडवला’.

कुणी अडवलं आणि कुणाला, हे लिहिलं नव्हतं. कारण तेव्हा ते सगळ्यांना ठाऊक होतं. फार पूर्वी रानकुत्र्यांची फौज किल्ल्यावर चालून आली, तेव्हा हैबती नावाचा गवा त्या दरवाज्यात एकटा उभा राहिला. त्याच्या पाठीमागून सगळं जंगल चोरवाटेने पळालं. वाघ सगळ्यांत पुढे होता. हैबती मात्र तिथेच पडला. पळालेले परत आले, थोडे रडले आणि त्यांनी तो दगड बसवला. शत्रू इथे अडवला, असा त्याचा अर्थ.

हैबतीच्या घराण्यात आता दौलू नावाचा एकच गवा उरला होता. स्वभावाने गरीब, बोलायला मंद. घराण्याचं म्हणून त्याच्याकडे त्या दगडाखेरीज काही नव्हतं. रोज सकाळी तो यायचा आणि दगडावरचं शेवाळ चाटून साफ करायचा. मग दिवसभर त्याला बरं वाटायचं.

एके दिवशी सिनेमावाले आले. त्यांचा दिग्दर्शक होता फाल्गुनराव तरस. स्वतःच्या विनोदाला आधी स्वतः हसायची त्याला खोड होती. तो वाघाकडे परवानगी मागायला गेला.

“ऐतिहासिक सिनेमा आहे का?” वाघाने विचारलं.

“मध्ययुगीन आहे महाराज. आणि विनोदी आहे.”

“मध्ययुगात विनोद होते?”

“नव्हते ना. म्हणून तर आम्ही घालतोय.”

“मला काय काम आहे?”

“सिंहासनावर बसायचं.”

“ते मी रोजच करतो.”

“हो, पण आता तोंडाला रंग लावून.”

परवानगी मिळाली.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक लठ्ठ राजा शत्रूला भिऊन पळतो आणि दरवाज्यात अडकतो. राजाचं काम रानडुकराला दिलं होतं. बिचाऱ्याला अडकायची तालीमसुद्धा लागली नाही. तरस हसून हसून गडाबडा लोळला. लोळता लोळता त्याला तो दगड दिसला.

“‘इथे अडवला’,” त्याने वाचलं. “अरे, हे जवळजवळ आपलंच आहे की. शेकरूबाई, या ‘व’ला एक शेपटी काढा बघू.”

शेकरूबाई रंगकाम बघायच्या. त्यांनी आपली झुपकेदार शेपटी काळ्या रंगात बुडवली आणि ‘व’च्या उजव्या अंगाला एक बाक काढला. ‘व’चा ‘क’ झाला. इथे अडकला. तुम्हीही पाटीवर काढून बघा. आत्ता नको, गोष्ट झाल्यावर.

दौलू सकाळी चाटायला आला आणि वाचून गारच पडला.

“तरसराव, हे पुसा,” तो म्हणाला. “आमचे पणजोबा अडकले नव्हते. त्यांनी अडवलं होतं.”

“दौलूदादा, एका शेपटीचा तर प्रश्न आहे. शूटिंग संपलं की पुसू.”

शूटिंग संपलं आणि सिनेमावाले निघून गेले. शेपटी राहिली. दौलूने चाटून चाटून जीभ काळी करून घेतली, पण रंग पक्का होता. शेकरूबाईंच्या कामात खोट काढायला जागा नसायची.

सिनेमा धो धो चालला. मग लांबलांबच्या जंगलांतून पाहुणे यायला लागले. किल्ल्यातला तलाव, कोठार, चोरवाट कुणालाच बघायची नव्हती. सगळे विचारायचे, “तो राजा अडकला ती जागा कुठली?” मग दगड वाचायचे आणि म्हणायचे, “म्हणजे खरंच घडलं होतं तर. सिनेमावाले अभ्यास करतात हो.”

दौलू प्रत्येकाला सांगायचा, “तो ‘व’ आहे.” पाहुणे त्याच्या काळ्या जिभेकडे बघायचे आणि पोरांना मागे ओढायचे. त्याला फार वाईट वाटायचं. आपण नीट बोलू शकत नाही म्हणून पणजोबांचं नाव बुडालं, असं त्याला वाटे.

आणि मग तरस परत आला. सिनेमाचा दुसरा भाग काढायचा होता. या खेपेला कॅमेरा हत्तीच्या पाठीवर होता आणि हत्ती काही दरवाज्यातून आत जाईना.

“दरवाजा पाडा,” तरस म्हणाला. “नंतर पुठ्ठ्याचा बसवू. पुठ्ठ्याचा जास्त जुना दिसतो.”

वाघाने मान डोलावली. तोंडाला रंग लावलेला असल्यामुळे त्याला बोलता येत नव्हतं.

हत्ती सोंड उगारून पुढे आला. तेव्हा दौलू दरवाज्यात जाऊन उभा राहिला. खांदे दोन्ही भिंतींना टेकवले, शिंगं खाली घेतली. तो हलला नाही.

हत्ती थांबला. चांगला होता बिचारा. जिवंत गव्यावर भिंत पाडायची त्याची छाती होईना.

शूटिंग बघायला जमलेल्या पाहुण्यांतून कुणीतरी म्हणालं, “अरे, हा पण अडकला.”

काय हसू फुटलं म्हणता! तरस तर जमिनीवर आडवाच झाला. “कॅमेरा चालू ठेवा,” तो ओरडला. “असा अडकलेला मी जन्मात पाहिला नाही.”

“अडवलाय,” दौलू म्हणाला. “मी अडवलाय.”

“वा, संवादही झकास,” तरस म्हणाला.

दृश्य इतकं छान झालं की आत जायची गरजच उरली नाही. दरवाजा वाचला. सिनेमावाले सामान आवरून गेले. दौलू अंग चोरून सहज बाहेर आला, तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. “सुटला, सुटला.”

त्या संध्याकाळी तो दगडाजवळ बसून पोटभर रडला. मग उठला आणि पुन्हा दरवाज्यात जाऊन उभा राहिला. न जाणो, तिसरा भाग काढतील.

तो अजून तिथेच आहे. दगडाशेजारी आता नवी पाटी लागली आहे, वाघाच्या सहीची : ‘इथे दोघे अडकले’. शेपटीसकट.

तात्पर्य : मुलांनो, शौर्य गाजवायचंच असेल तर चांगला रुंद दरवाजा बघून गाजवावं. अरुंद दरवाज्यात कुणी जिवावर उदार होऊन उभं राहिलं, तरी पाठीमागून पळणाऱ्याला वाटतं, हा जाडा वाटेत अडकलाय.