डाव्या डोळ्याचा कागद

सोनवणे काकांना भेटायला गेलात, तर ते आधी तुम्हाला दहा पावलं मागं पाठवतात. नमस्कार नंतर. “जवळून माणूस दिसत नसतो, ताई. व्हा मागं.” समोरच्या भिंतीला पाठ टेकली की म्हणणार, “ओके. आता बोला.”

चाकणच्या एका कारखान्यात वीस वर्षं त्यांनी सुटे भाग तपासले. घरी बसले तरी त्यांचं जग ओके आणि रिजेक्ट या दोनच ढिगांत पडतं. भाजीवाल्याची भेंडी रिजेक्ट, नळाचं पाणी रिजेक्ट. मी कायमची ‘रीवर्क’, म्हणजे दुरुस्तीला परत.

दर रविवारी ते आमच्या निगडीच्या वसाहतीतल्या मुलांना पार्किंगमध्ये बसवतात. भोकं पाडलेला पत्रा कागदावर ठेवायचा आणि लाल, पिवळे, निळे ठिपके उठवायचे. जुन्या कॉमिकमध्ये असतात तसे. कुणाला कुठला कागद ते काका ठरवणार. चित्र कशाचं, ते मुलांना सांगणार नाहीत. मी भडकले. राबवायचं, पण काय घडवतोय ते कळू द्यायचं नाही? कारखान्यात दुसरं काय चालतं? मी कारखान्याच्या गेटवर वाटते त्या पत्रकाचा मथळाही सुचला.

भांडायला गेले, तर त्यांनी सगळे कागद पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर जोडून लावलेले. जवळून नुसते ठिपके. मी मागं सरकत गेले. सहाव्या पावलाला ओठ आले. आठव्याला नाक. दहाव्याला एक बाई माझ्याकडे बघत होती, उजव्या डोळ्यानं. डाव्याच्या जागी कोरा पांढरा गोल. खरं सांगते, तोच जास्त बघत होता. मी बाजूला सरकले, तरी सोडेना. पोरंही माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.

“आल्या,” एक चिमुरडी भिंतीकडे बघत पुटपुटली.

“ही आमची मंडळी,” काका म्हणाले.

काकू त्याच कारखान्यात कंत्राटावर होत्या. दोन वर्षांपूर्वी गेल्या; काका आमच्या वसाहतीत राहायला आले ते त्यानंतर. कॅमेरा दिसला की पदर आडवा धरायच्या. “तिच्या आधार कार्डवर तर तिच्यापेक्षा मीच जास्त दिसतो,” काका म्हणाले. धड फोटो एकच, गेटपासवरचा. आजारपणात काम सुटलं, तेव्हा पास रद्द झाल्याची खूण म्हणून सिक्युरिटीवाल्यानं त्याला भोक पाडलं. नेमकं डाव्या डोळ्यातून.

“मग उजवाच उलटा करून बसवा ना.”

“बसवला होता. रिजेक्ट. ती नव्हतीच ती. तिचा डावा जरा येगळा होता. कसा, तेच निसटायलंय.”

मग ते स्वतःच चालत माझ्याजवळ आले. अगदी जवळ.

“ताई, तुम्ही गेटवर पत्रकं वाटता. ती रोज घ्यायची. तुम्ही तिला समोरून बघितलंय. सांगा, कसा होता?”

तीन वर्षं मी कामगारांच्या नावानं घसा फोडते आहे. मला एकही चेहरा आठवेना. हात आठवत होते. नुसते पुढे येणारे हात.

“मनगटावर गोंदण होतं का हो?” मी विचारलं. “हिरवे पाच ठिपके? पत्रकाच्या चार घड्या करून डब्याच्या पिशवीत ठेवायच्या.”

काकांनी डाव्या डोळ्याचा कागद भिंतीवरून उतरवला. मग पोरांकडे वळले.

“ए, निळ्यात पिवळा कालवा रे. हिरवा लागतोय.”