मापाच्या ब्लाउजची साक्ष

यमुनाताई गवसणे यांच्या मापाच्या ब्लाउजने मंगळवारी सकाळी माझ्या दुकानात साक्ष द्यायला नकार दिला.

बायका नवं ब्लाउज शिवायला टाकताना अंगाला नीट बसणारं एखादं जुनं सोबत देतात. त्या जुन्याने 'मी हिच्याच मापाचं आहे' असं सांगायचं, मी ते वहीत उतरवायचं, मगच कापड कापायचं. साक्षीशिवाय माझी कात्री उघडत नाही. तेवीस वर्षांत असा नकार एकदाही आला नव्हता. बढाई नाही मारत, वही आहे.

"कारण सांगावं लागेल," मी पेन उघडून म्हणालो.

"ही निम्मी झालीय," ब्लाउज म्हणालं. "मी हिच्या खांद्यावर टिकत नाही. खोटं कसं बोलू?"

यमुनाताईंनी पदर आवळून घेतला. "मास्तर, त्याचं काय ऐकता! जुन्याच मापानं शिवा. आठ दिवसांवर लेकीचं लग्न आलंय. माझी तब्येत कळली तर ती लग्न मोडून माझ्या उशाशी बसेल. ओळखते मी तिला."

मला फार वाईट वाटलं. पण माझ्या वाईट वाटण्याने कात्री उघडत नाही.

"सैल शिवलंत तर आधी तिलाच कळेल," ब्लाउज म्हणालं. "निघताना आईच्या गळ्यात पडेल आणि हाताला नुसतं कापड लागेल. आत्ताच्या मापाचं शिवा. नीट बसलेलं कुणी निरखून बघत नाही."

हे मात्र खरं होतं. नेटक्या शिलाईखाली मी आजवर पुष्कळांची दुखणी झाकली आहेत.

"मग आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडा," यमुनाताई हळूच म्हणाल्या. "अंग भरलंच कधी, तर..."

"माझी अट आहे," ब्लाउज म्हणालं. "सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी दवाखाना. आणि लेकीला फोन. तोवर मी घरी येणार नाही."

अट वहीत लिहिली. यमुनाताईंनी सही केली, ब्लाउजने वरच्या हुकाचा ठसा उठवला. कात्री उघडली.

लग्न छान झालं. वरपक्षाच्या बायकांनी शिंप्याचं नाव विचारलं म्हणे. जुनं ब्लाउज माझ्या खुंटीवरच राहिलं. दुकान उघडलं की विचारायचं, "आली का?" मी म्हणायचो, "नाही अजून," आणि मशीनला तेल घालायला घ्यायचो. मलाही धीर धरवत नव्हता.

पाचव्या महिन्यात यमुनाताई आल्या. लेकीने त्यांचा हात धरला होता. लग्नातलं ब्लाउज पुढे ठेवून त्या म्हणाल्या, "मास्तर, जरा उसवून द्या. काखेत काचतंय."

मी एक बोट कापड सोडलं.

खुंटीवरचं ब्लाउज वाकून बघत होतं. "अजून एक राहिलंय," ते म्हणालं.

यमुनाताईंनी हात वर करून त्याची बाही सारखी केली. "राहा मग," त्या म्हणाल्या. "न्यायला येते."