काळ्या खिडकीचं मौन

मुलाचं लग्न ठरावं म्हणून मी एकदा श्रावणातले सगळे सोमवार मौन धरलं होतं, त्यामुळे खंडेनवमीला सुनेच्या लॅपटॉपमधल्या काळ्या खिडकीने मौनव्रत घेतलं, तेव्हा ते मला लगेच ओळखता आलं.

माझी सून शलाका घरूनच गावच्या नळयोजनेचं काम बघते. ती त्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करते, खिडकी 'झालं' असं लिहिते आणि तिकडे पंप सुरू होतो. त्या दिवशी विळी, कात्री, शिलाई मशीन यांची पूजा झाल्यावर मी कीबोर्डलाही हळदकुंकू लावलं. एक बोट कंट्रोलच्या बटणावर टेकलं, एक एसच्या. खिडकीने तो संकल्प मानला.

शलाका पाणी सोडायला बसली आणि ओरडलीच, "आई, एक अक्षर उमटत नाहीये हो!"

'पाणी सोड', 'पाणी सोड' असं ती लिहीत राहिली. शेवटी वैतागून तिने 'मर एकदाची' लिहिलं आणि मला तसं सांगितलंही.

मी हातातलं निरांजन खाली ठेवलं. "अगं, मौनात बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं. व्रत सुटलं की ऐकलेलं सगळं ती ओळीने करणार!"

शलाका पांढरीफटक पडली. "म्हणजे ती मरणार? आणि उद्यापासून गावाचं पाणी?"

बाहेर बायका नळाला हंडे लावून बसल्या होत्या. आम्ही कंपनीला फोन लावला. तिथल्या पेंढारकर साहेबांनी शांतपणे चौकशी केली.

"उपास कडक आहे का?"

"नाही, चार्जर लावलाय," मी म्हटलं.

"मग ठीक. उद्यापन कंट्रोल आणि क्यूवर करा. अपशब्द मात्र आम्हाला काढता येत नाही. तो तुमच्या घरातला प्रश्न आहे."

"माफी लिहिली तर?" शलाकाने विचारलं.

"रांगेत ती मागे लागेल, ताई. तोवर खिडकीबाई नसतील."

शलाका कधी देवापुढेही फारशी बसत नाही. तिने लॅपटॉपच्या कॅमेऱ्याच्या बारीक डोळ्यासमोर दोन्ही कान धरले. "चुकलं गं माझं. रागात बोलले."

मी दोन बोटं कुंकवात बुडवली आणि कंट्रोल आणि क्यूवर टेकवली.

झालं. झालं. झालं. खिडकी भराभर लिहीत गेली. मग थांबली. आम्ही दोघी एकमेकींचा हात धरून बघत राहिलो.

'मर एकदाची'च्या पुढे तिने लिहिलं, 'हे ऐकू आलं नाही.'

बाहेर नळ खुरखुरला. "आलं गं बाई!" कुणीतरी ओरडलं.

आता दर खंडेनवमीला ती मौन धरते. गाव आदल्या दिवशीच हंडे भरून ठेवतं. तुमच्याकडची खिडकी अशी गप्प झाली, तर बायांनो, तुम्हीही तिच्यापुढे वाईट बोलू नका. बोललाच असाल तर आधी कान धरा, मग कुंकू लावा.