पाणी घेते का?

“बघायला काय हरकत आहे,” असं मी म्हणाले आणि तिथंच फसले.

आमचे हे चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून दिवसभर भिंगं घासतात. त्या खोलीला खिडकी नाही. म्हणूनच की काय, सुट्टी आली की लेकीला कडेवर घेऊन धक्क्यावर जायचं, लोकांच्या बोटी बघायच्या आणि घरी येऊन भिंतीकडे बघत बसायचं, असं यांचं चालायचं. एकदा जेवताना म्हणाले, जुनी, लहानशी मोटरबोट मिळाली तर किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडता येईल. लांब जायचंच नाही. आणि बोटीवर तुझंच नाव घालीन, असंही म्हणाले.

मी शाळा सातवीत सोडली, पण काळजी करण्यातला माझा पहिला नंबर अजून कुणी घेतलेला नाही. लेक अडीच वर्षांची. ती बादलीजवळ गेली तरी मी बादली उचलून माळ्यावर ठेवते. (मग आंघोळीच्या वेळी सगळं घर बादली शोधतं.) अशा पोरीला समुद्रात न्यायचं! पण यांचा चेहरा बघून तोंडावर नाही म्हणवेना. मनात ठरवलं, बरोबर जायचं आणि दिसेल त्या बोटीत खोट काढायची. बोटीच संपतील, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?

निघण्याआधी नणंदेला फोन लावला. ती एकदा लाँचमधून पलीकडच्या गावी गेली होती, म्हणजे आमच्या घरात तीच जाणकार. ती म्हणाली, “वहिनी, बाकी काही विचारू नकोस. फक्त विचार, पाणी घेते का? घेत असली तर पाय ठेवू नकोस.”

पहिल्या बोटीला बंद पडलेल्या फ्रिजसारखा वास होता. दुसरीचा कठडा इतका बुटका होता की आमची लेक त्यावरून सहज बाहेर गेली असती, आणि तिच्या पाठोपाठ मी. दोन्ही बाद झाल्या. दुसऱ्या बोटीच्या मालकाचा निरोप घेताना यांनी तिच्यावरून असा हात फिरवला, जशी काही ती आजारी आहे.

तिसरी बोट दातांच्या डॉक्टरांची होती. त्यांची कंबर धरू लागली, म्हणून विकायला काढलेली. बोट जाडजूड, बुटकी, चारी बाजूंनी उंच कठडा, वेग बेताचा. आमच्या सासूबाईंच्या लोखंडी कपाटाला मोटर बसवावी, अशी दिसत होती. मला ती बघताक्षणी आवडली, आणि त्यामुळेच मी घाबरले. खोट सापडेना. शेवटी नणंदेचा प्रश्न काढला.

“डॉक्टर, पाणी घेते का?”

“घेते ना,” डॉक्टर अभिमानानं म्हणाले. “भरपूर घेते. एक दिवस तक्रार नाही.”

मी यांच्याकडे बघितलं. हे खुशीत मान हलवत होते. “आणि घेतलं नाही तर?” मी घाबरत विचारलं.

“मग संपलंच की सगळं,” डॉक्टर म्हणाले.

दोन शिकलेली माणसं बुडायला इतकी उतावीळ मी पहिल्यांदाच बघत होते. मी काही बोलणार, तेवढ्यात हे लेकीला घेऊन बोटीत चढलेसुद्धा. लेक गेली म्हटल्यावर मी मागे कशी राहणार? तिला जाकीट घातलं, त्यावर स्वेटर घातला, वारा लागू नये म्हणून कानात कापूस घातला, आणि कापसाची गुंडाळी पिशवीत ठेवून मागच्या बाकावर बसले.

थोडं अंतर गेल्यावर डॉक्टरांनी वेग कमी केला आणि पुढे यांना चाक कसं धरायचं ते दाखवू लागले. इंजिन माझ्या पाठीशीच घुरघुरत होतं. सहज मागे वळून बघितलं. इंजिनाच्या अंगाला एक बारीक भोक, आणि त्यातून पाण्याची धार लागलेली. शूला बसवलेल्या पोरानं सोडावी तशी, बिनधास्त. म्हणजे पाणी घेते ते हे! पोट भरलं, आता बाहेर सांडतंय.

पुढच्या दोघांना सांगितलं असतं तर ते पुन्हा अभिमानानं हसले असते. मी एका हातानं लेकीला आवळून धरलं, दुसऱ्या हातानं कापसाचा घट्ट बोळा केला आणि केसातल्या आकड्यानं त्या भोकात ठासून बसवला. धार थांबली. माझ्या जिवात जीव आला. (घरातला गळका नळही मीच बांधते, हे इथं सांगायला हवं.)

जरा वेळानं डॉक्टरांनी मागे बघितलं आणि त्यांचा रंगच उडाला. त्यांनी झटकन इंजिन बंद केलं.

“पाणी घेत नाहीये,” ते म्हणाले.

“नाहीच घेत,” मी समाधानानं म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. डॉक्टरांनी नांगर टाकला आणि मान खाली घालून यांना सांगायला लागले. इंजिन थंड राहायला समुद्राचं पाणी आत ओढतं आणि ती धार म्हणजे पाणी फिरत असल्याची खूण. धार गेली म्हणजे आतला पंप गेला. “अशी बोट मी तुमच्या गळ्यात मारणार नाही,” ते म्हणाले, “आपण ओढून न्यायला कुणाला तरी बोलावू आणि व्यवहार राहू दे.”

हे नुसतं “बरं” म्हणाले. मग चाकावरून हात काढला आणि त्याच्यावरून एकदा फिरवला, मघाच्या बोटीसारखाच.

मला हवं होतं ते आयतं झालं होतं. मी गप्प बसले असते तर बोटीचं नावही परत घरात निघालं नसतं. गप्प बसायचा मी प्रयत्नही केला, खोटं कशाला सांगू. पण तो हात काही बघवेना.

“अहो,” मी म्हणाले, “ती धार मी बंद केलीय. पोरीच्या कानासाठी आणलेल्या कापसानं.”

लेकीनं तेवढ्यात आपल्या कानातला कापूस काढून पुरावा म्हणून डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

डॉक्टर मागे आले, वाकले, आणि निरखून म्हणाले, “वहिनी, दाढ काय भरलीत. माझ्या कंपाउंडरला येत नाही अशी.” मग माझाच आकडा मागून घेऊन त्यांनी बोळा अलगद उपसला, इंजिन सुरू केलं, आणि धार उडाल्याबरोबर सवयीनं म्हणाले, “हं, चूळ भरा.”

हे इतके हसले की कठडा उंच होता म्हणून बरं. त्या हसण्यात मी बोटीला हो म्हणून बसले.

आता आम्ही सुट्टीला किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडतो. पूर्वी पाणी दिसलं की मला धडकी भरायची, आता दिसेनासं झालं की भरते, म्हणून मी सगळा वेळ मागे तोंड करून बसते. किनारा कसा आहे ते लेक सांगते. यांनी दिलेला शब्दही पाळला. रंगाऱ्याला बोलावून बोटीवर माझं नाव घातलं. पुढे नाही, मागे, इंजिनावर. भोकाकडे बाण काढून लाल अक्षरात लिहिलंय, ‘येथे कापूस घालू नये’, आणि खाली, कुणाला उद्देशून ते नीट कळावं म्हणून, आडनावासकट माझं पूर्ण नाव.