दत्तूची न टोचणारी सुई

दत्तू गवळी दूध कट्ट्यावर, म्हशीची धार काढून तिथंच पेला हातात द्यायच्या आधी गिऱ्हाइकाचा दंड धरतो. खिशातली डबी उघडतो, नखाएवढी पट्टी दंडावर दाबतो आणि विचारतो, "दुखलं?"

"न्हाय."

"सुया हायत पावणं त्यात. केसापरास बारीक. कातड्याखालचं पाणी ओढून कॅन्सर हाय का न्हाय ते सांगणार हायत." मगच दूध मिळतं.

पट्टी म्हणजे भाचीनं दिलेला नमुना. ती पुण्याला प्रयोगशाळेत त्यावरच काम करते. "मामा, ही कोरी आहे. खरी यायला अजून वर्षं लागतील," असं तिनं बजावलं होतं. दत्तू तेवढं वाक्य गाळतो.

मी त्याचा शेजारी, चौथी शिकलेला, पण मला कुणी गुंडाळत नाही. म्हणालो, "दत्त्या, म्हशीला लाव आधी."

"म्हस भीत न्हाय. माणूस भितंय."

श्रावणात आमच्या मंडळींच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी सुई घालून तुकडा तपासायला सांगितला. ही म्हणाली, "न्हाय. दत्तूभावजींची पट्टी येऊ दे. मी थांबते." मी ओरडलो, सून पाया पडली. ही माझ्यापेक्षा हट्टी. शेवटी तणतणत कट्ट्यावर गेलो नि सगळ्यांदेखत सांगितलं, तुझ्या पट्टीनं माझं घर बसायची वेळ आलीया.

दत्तू धार अर्धी टाकून माझ्यामागं आला. आत आलाच नाही, उंबऱ्याशी बसला.

"वैनी, पट्टी कोरी हाय. तिला कायबी कळत न्हाय."

"मग रोज लोकांचं दंड कशाला धरतासा?"

हौशी, त्याची बायको, याच रोगानं गेलेली.

"हौशीलाबी सुईच सांगितलेली," तो म्हणाला. "ती म्हणली, म्हस व्याली की जाऊ. भ्याली हुती, मला दिसत हुतं. आन मी म्हणलो, बरं."

इतकी वर्षं शेजारी राहून हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दत्तू रिक्षा घेऊन दारात. मंडळी बसल्या. दवाखान्याच्या फाटकाशी तो थांबला. "तुम्ही जावा. मी हितंच हाय."

दुपारी तुकडा तपासायला देऊन बाहेर आलो तर तिथंच उभा, इमारतीकडं पाठ करून.

मंडळी म्हणाल्या, "भावजी, धारा राहिल्या की. म्हशी वरडत असतील."

"वरडू देत," दत्तू म्हणाला.