जास्तीचं कव्हर

रानात माणूस तहानेनं मरतो तो अकलेच्या दुष्काळामुळे, असं माझं स्पष्ट मत होतं. म्हणून तर आडरानात गाडी तापली तेव्हा प्यायच्या पाण्याचा अख्खा कॅन मी बिनधास्त इंजिनात ओतला. ते सगळं खालून गळून गेलं.

"आणि बाबांची संध्याकाळची गोळी?" बायकोनं मागच्या सीटवरच्या वडिलांकडे बघत विचारलं. गोळी रक्तदाबाची. ती चुकली की सासरे भोवळ येऊन पडतात. मेकॅनिक फोनवर म्हणाला होता, अंधार पडायच्या आत पोचतो. म्हणजे अंधार पडल्यावर.

"एवढी झाडं उभी आहेत, पाण्याला काय तोटा?" मी म्हणालो.

माझं ड्रायक्लीनिंगचं दुकान. डिकीत सुटांवर घालायच्या कोऱ्या प्लास्टिक कव्हरांचा गठ्ठा होता. पानांनी भरलेल्या फांदीला पारदर्शक पिशवी घालून तोंड आवळायचं, उन्हात पानांना घाम फुटतो, तो पिशवीत साठतो. चिकाचं झाड विषारी असू शकतं, म्हणून आधी पान मोडून तेही बघितलं. पाच झुडपांना पाच कव्हरं चढवली आणि गाडीत येऊन झोपलो.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बायको दूर वळणावर मेकॅनिकची वाट बघत उभी. मागच्या सीटवर सासरे नव्हते. हाका मारल्या, ओ नाही. रानात एक पाखरू बोलत नव्हतं.

काठी घेऊन झुडपांकडे गेलो आणि जागीच थिजलो. कव्हरं फुगून आतून पांढुरकी झाली होती. हँगरच्या आकाराचे खांदे ताठ उभे. बिनडोक्याची माणसं ओळीनं उभी राहून माझ्याकडेच बघत होती. वारा नव्हता, तरी एक कव्हर हलत होतं. आत, बाहेर. आत, बाहेर. श्वास घेतल्यासारखं.

मी मोजली. सहा.

मी काठी पुढे धरली. "को... कोण आहे?"

"ह्म्म्म," सहावं म्हणालं आणि माझ्याकडे चालत आलं.

मी डोळे मिटून काठी फिरवली. दुकानात गालिचे झोडपून माझा हात तयार आहे. कव्हरं फाटली, पाणी मातीत गेलं, सहावं "ह्म्म्म! ह्म्म्म!" करत झुडपांभोवती पळू लागलं आणि मी बायकोच्या नावानं बोंब ठोकली.

ती धापा टाकत आली. तिनं पळणारं कव्हर धरून वर ओढलं. आत सासरे! डास चावतात म्हणून चढवलेलं. तोंड घट्ट मिटलेलं.

"बाबा, बोला ना काहीतरी."

सासऱ्यांनी मोठा आवंढा गिळला. डोळ्यांत पाणी आलं.

"गोळी जिभेवर धरून बसलो होतो," ते म्हणाले. "पिशव्यांत चांगलं वाटीभर साठलं होतं. म्हटलं, जावईबापूंनी एवढा खटाटोप केलाय, तर पहिला घोट त्यांच्याच हातून घ्यावा."

"मग गोळी?"

"गेली आत्ता. कोरडीच."

आता गाडीत पाण्याचे दोन कॅन असतात, ते बायको स्वतः भरते. आणि सासऱ्यांचा कोट दुकानात आला की ते काउंटरशी उभे राहून बजावतात, "घडी घालून द्या. कव्हर नको." मी मुकाट्यानं कागदात गुंडाळून देतो.